टॉक्सिन आधी ठरवा, शेवटी घाला: बीटा पेशींच्या इन्सुलिन-स्रावाचा प्रयोग पायरीपायरीने

बीटा पेशींवर (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवर) टॉक्सिन, म्हणजे विष, घालून इन्सुलिन मोजायचं काम कागदावर सोपं दिसतं. पेशी वाढवा, ग्लुकोज द्या, टॉक्सिन घाला, एलायझा (प्रतिपिंडांनी इन्सुलिन मोजायची चाचणी) लावा. तरीही बडोद्यात डिझर्टेशनचे दिवस आले की दोनच तक्रारी आलटून पालटून कानावर येतात. एक, "ताई, टॉक्सिन घातलं पण काहीच झालं नाही." दुसरी, "ताई, सगळ्याच वेलमध्ये इन्सुलिन वाढलं." दोन्ही वेळा टॉक्सिनचा दोष क्वचित असतो. पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर कंट्रोल (तुलनेसाठीचे गट) अपुरे असतात.

खाली २४ वेलची (खळग्यांची) प्लेट आणि उंदराच्या (रॅटच्या) आयएनएस-१ ८३२/१३ या प्रयोगशाळेत वाढणाऱ्या बीटा पेशी धरून पद्धत दिली आहे. आयलेट (स्वादुपिंडातले बीटा पेशी असलेले पुंजके) वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. आरआयएन-एम५एफ पेशी सहज मिळतात म्हणून त्यांवर हा प्रयोग लावू नका. ग्लुकोजला त्यांचा प्रतिसाद इतका मंद असतो की टॉक्सिनने काय बदललं ते दिसणारच नाही.

१. प्रश्न ठरवा, मग टॉक्सिन निवडा

साखळी डोळ्यांसमोर ठेवा. ग्लुकोज पेशीत शिरतं, ग्लुकोकायनेज हे विकर ते पकडतं, एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, के-एटीपी चॅनेल (पटलातली पोटॅशियमची दारं) बंद होतात, पेशीपटलाचा विद्युतदाब चढतो, कॅल्शियम चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या पटलाला जुळून रिकाम्या होतात. मग केव्ही२.१ जातीचे पोटॅशियम चॅनेल विद्युतदाब परत खाली आणतात. प्रत्येक टॉक्सिन या साखळीची एखादीच कडी धरतं, म्हणून "टॉक्सिनचा इन्सुलिनवर परिणाम" हा प्रश्नच ढिला आहे. "केव्ही२.१ अडवलं तर मध्यम ग्लुकोजवर स्राव वाढतो का?" असा प्रश्न लिहून काढा.

नेहमी लागणारी काही टॉक्सिनं अशी. ग्वांग्शीटॉक्सिन-१ई (टॅरँट्युला कोळ्याचं) केव्ही२.१ अडवतं, मात्रा सुमारे १०० नॅनोमोलर. ओमेगा-अगाटॉक्सिन आयव्हीए (कोळ्याचंच) पी/क्यू जातीचे कॅल्शियम चॅनेल अडवतं, सुमारे २०० नॅनोमोलर. एसएनएक्स-४८२ आर जातीच्या कॅल्शियम चॅनेलसाठी वापरतात, पण ते केव्ही४ कुळातले पोटॅशियम चॅनेलही अडवतं, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये. थॅप्सिगार्गिन हे वनस्पतिजन्य विष पेशीच्या आतल्या कॅल्शियम साठ्याचा पंप बंद करतं, १ मायक्रोमोलर. आयबेरियोटॉक्सिन बीके नावाचे पोटॅशियम चॅनेल अडवतं. ते आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषातून आलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, तोच हा विंचू.

पर्टुसिस टॉक्सिनचं काम वेगळं आहे. डांग्या खोकल्याच्या जंतूचं हे विष चॅनेलवर बसत नाही. ते पेशीत शिरून जीआय/जीओ या निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांना कायमचं निकामी करतं आणि त्याला तास लागतात.

सावध: प्राणी बदलला की उत्तर बदलतं. माउसच्या बीटा पेशींत सोडियम चॅनेल नेहमीच्या विद्युतदाबाला बहुतांशी निष्क्रिय असतात, म्हणून ते चॅनेल अडवणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनने तिथे फारसा फरक पडत नाही. मानवी आयलेटमध्ये त्याच टॉक्सिनने स्राव घटतो. आयबेरियोटॉक्सिनचंही तसंच: मानवी आयलेटमध्ये परिणाम दिसतो, माउसमध्ये नगण्य. "काहीच झालं नाही" या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

बोट्युलिनम आणि टिटॅनस टॉक्सिन पिशव्या जुळवणारी प्रथिनं कापतात, त्यामुळे वाचताना मोह होतो. पण बीटा पेशी अख्खं टॉक्सिन नीट आत घेत नाहीत आणि विषाचा धोका मोठा आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ते आणू नये. तो प्रश्न सोडवायचाच असेल तर फक्त लाइट चेनचा (टॉक्सिनच्या कापणाऱ्या भागाचा) प्लाझमिड, म्हणजे डीएनए, पेशीत घालतात. तो वेगळा प्रयोग आहे आणि त्यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी लागते.

२. मागवणं, विरघळवणं, वाटून ठेवणं

पार्सल १४-१५ जानेवारीच्या आसपास पोहोचेल असं मागवू नका. उत्तरायण आणि वासी उत्तरायणात स्टोअरला कुलूप असतं आणि सगळं बडोदं गच्चीवर. मे महिन्यात डबा कोमट हातात आला तरी घाबरायचं कारण नाही, सुकी पेप्टाइड टॉक्सिनं थोडे दिवस तग धरतात. विरघळवलेलं द्रावण मात्र बाहेर राहिलं तर गेलं.

डबी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा. ०.१ मिलिग्रॅम पावडर डोळ्यांना दिसतच नाही, बऱ्याचदा ती झाकणाला चिकटलेली असते. डबी रिकामी समजून तक्रार लिहिण्याआधी झाकण बघा.

हिशेब करून दाखवते. टॉक्सिनचं रेणुभार ४००० धरा. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे २५ नॅनोमोल. २५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं की १०० मायक्रोमोलरचा स्टॉक झाला. १०० नॅनोमोलर हवं असेल तर एकास हजार. डबीवर निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण वेगळं दिलं असेल तर तेच धरा, कारण उरलेलं वजन क्षारांचं आणि पाण्याचं असतं.

पेप्टाइड टॉक्सिनं प्लास्टिकला आणि काचेला चिकटतात. म्हणून ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या पाण्यात किंवा बफरमध्ये विरघळवा, कमी चिकटणाऱ्या ट्यूबा वापरा आणि ६-६ मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशांत ठेवा. ६ अशासाठी की ट्यूबमधून ५ बिनघोर काढता यावेत. वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. पर्टुसिस टॉक्सिन मात्र बहुतेकदा गोठवायचंच नसतं, ते फ्रीजमध्ये राहतं. पत्रक वाचा.

थॅप्सिगार्गिन आणि फोर्सकोलिन डीएमएसओ या द्रावकात विरघळतात. फोर्सकोलिन टॉक्सिन नव्हे, पण स्राव वाढवणारा पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लागेलच. इथल्या घरांत गरमरचं लोणचं घालतात, त्याच झाडाच्या मुळातलं ते रसायन.

तपासा: स्टॉकवर नाव, सांद्रता, तारीख आणि कशात विरघळवलं, या चारही गोष्टी आहेत का? "टॉक्सिन १" असं लिहिलेली ट्यूब वापरायची नाही.

३. बफर

मिलीमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १२९, पोटॅशियम क्लोराइड ४.८, मॅग्नेशियम सल्फेट १.२, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२, सोडियम बायकार्बोनेट ५, हेपेस १०, कॅल्शियम क्लोराइड २.५. पीएच ७.४. बीएसए ०.१ टक्का, त्याच दिवशी.

कॅल्शियम सर्वांत शेवटी, भरपूर पाणी झाल्यावर, ढवळत ढवळत. आधी घातलं तर फॉस्फेटबरोबर बसतं आणि बफर गढूळ होतो. गढूळ झालेला बफर गाळून वापरू नका, कारण कॅल्शियम गाळणीवर राहिलेलं असतं आणि कॅल्शियमशिवाय हा प्रयोगच नाही.

या बफरमध्ये बायकार्बोनेट कमी आहे, म्हणून प्लेट साध्या ३७ अंशांच्या इन्क्यूबेटरमध्ये ठेवायची, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये नाही. तिथे ठेवली तर तासाभरात बफर आंबट होतो. २४-२५ मिलीमोलर बायकार्बोनेटची दुसरी पाककृती वाचून आलेले लोक इथे घोटाळा करतात.

ग्लुकोज: २.८ मिलीमोलर म्हणजे ग्लुकोमीटरच्या भाषेत साधारण ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, १६.७ म्हणजे ३००. पोटॅशियम ३० मिलीमोलरचा बफर करताना सोडियम क्लोराइड तेवढंच कमी करा.

४. पेशी

आरपीएमआय-१६४० या माध्यमामध्ये ११.१ मिलीमोलर ग्लुकोज, १० टक्के सीरम, हेपेस, पायरुव्हेट आणि ५० मायक्रोमोलर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल. एका वेलमध्ये २ ते २.५ लाख पेशी, ४८ ते ७२ तास. विरळ वेलमध्ये प्रतिसाद खराब येतो. वेल जवळपास भरलेली हवी.

इथे एक लपलेला काटा आहे. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल गंधक-गंधक बंध तोडतं आणि ग्वांग्शीटॉक्सिनसारख्या पेप्टाइडचा आकार त्याच बंधांवर उभा असतो. माध्यम पूर्ण धुऊन काढल्याशिवाय पेप्टाइड टॉक्सिन घालायचं नाही. तेच धुणं सीरममधलं गाईचं इन्सुलिनही काढतं. ते राहिलं तर एलायझात भलतंच रीडिंग येतं.

पर्टुसिस टॉक्सिन वापरणार असाल तर ते आदल्या संध्याकाळी माध्यमातच, १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर. प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी घातलेलं पर्टुसिस टॉक्सिन वाया गेलं समजा.

आयलेट असतील तर प्रत्येक ट्यूबमध्ये सारख्या आकाराचे ५ ते १० हाताने निवडून घ्या. प्राण्यांच्या कामाला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी हवी, "अर्ज टाकलाय" हे पुरत नाही.

५. टॉक्सिनशिवाय रंगीत तालीम

ही पायरी सगळे गाळतात. टॉक्सिन महाग, वेळ कमी, म्हणून पहिल्याच प्लेटवर सगळं लावतात. तसं करू नका. आधी फक्त तीन गट: २.८ ग्लुकोज, १६.७ ग्लुकोज, १६.७ अधिक फोर्सकोलिन १० मायक्रोमोलर.

तपासा: १६.७ ला इन्सुलिन २.८ च्या किमान तिप्पट येतं का? फोर्सकोलिनने त्याहून वर जातं का? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर पेशी जुन्या झाल्या आहेत किंवा नीट धुतल्या नाहीत. टॉक्सिनची ट्यूब फ्रीझरमध्येच राहू द्या.

फोर्सकोलिनने वर जात नसेल तर ग्लुकोजनेच छत गाठलं आहे. स्राव वाढवणाऱ्या टॉक्सिनसाठी मग १६.७ ऐवजी ८ ते ११ मिलीमोलर घ्या. घटवणाऱ्या टॉक्सिनसाठी १६.७ च ठीक. ग्लुकोजने छत गाठलेलं असताना ग्वांग्शीटॉक्सिन तपासून "निष्प्रभ" ठरवलेले प्रयोग मी पाहिले आहेत.

६. प्रयोगाचा दिवस

प्लेटवर आठ गट, प्रत्येकी तीन वेल:

- २.८ ग्लुकोज
- २.८ अधिक टॉक्सिन
- ठरवलेलं उत्तेजक ग्लुकोज
- तेच अधिक टॉक्सिन
- तेच अधिक निफेडिपिन (कॅल्शियम चॅनेल अडवणारं औषध) १० मायक्रोमोलर
- तेच अधिक फोर्सकोलिन
- तेच अधिक डायझॉक्साइड २५० मायक्रोमोलर आणि पोटॅशियम ३०
- वरचंच अधिक टॉक्सिन

डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखं, ०.२ टक्क्यांवर आणून ठेवा, ज्या गटात औषध नाही तिथेही. निफेडिपिन उजेडात खराब होतं, ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळा.

टॉक्सिनचं द्रावण असं करा. ५ मायक्रोलिटर स्टॉक अधिक ४९५ मायक्रोलिटर बीएसएयुक्त बफर, म्हणजे १ मायक्रोमोलर, हव्या मात्रेच्या दहापट. त्यातला एक भाग, नऊ भाग बफर. आता बघा: दहापटीचं द्रावण २.८ ग्लुकोजच्या बफरमध्ये केलं आणि १६.७ वाल्यात घातलं, तर ग्लुकोज १५.३ वर उतरतं. कंट्रोल वेल १६.७ वरच राहिली, तर "टॉक्सिनने स्राव घटला" असं खोटंच दिसेल. म्हणून कंट्रोलमध्येही तेवढाच बिनटॉक्सिनचा २.८ बफर मिसळा. वेलमध्ये थेट अर्धा मायक्रोलिटर सोडण्याचा आळस करू नका. एका कोपऱ्यात ते साचतं.

क्रम:

क) माध्यम काढा. ३७ अंशांच्या २.८ बफरने दोनदा धुवा. धार पेशींवर नको, वेलच्या भिंतीवरून. थंड बफरने पेशी चादरीसारख्या निघून येतात.

ख) ०.५ मिलिलिटर २.८ बफर, १ तास. मग टाकून द्या. माध्यमातल्या ११.१ ग्लुकोजवर पेशी आधीच स्राव करत असतात, त्यांना खाली आणायला हा तास लागतो.

ग) परत २.८ बफर, पण आता टॉक्सिनच्या गटांत टॉक्सिनसह, इतरांत वाहकासह (बिनटॉक्सिनच्या द्रावणासह). ३० मिनिटं. निफेडिपिन आणि डायझॉक्साइडही इथेच सुरू करा. आयलेटमध्ये पेप्टाइड आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो, तिथे ही पायरी कमी करू नका.

घ) टाकून द्या. आता आपापल्या गटाचा बफर, टॉक्सिनच्या गटांत त्याच टॉक्सिनसह. १ तास.

सावध: 'घ' मध्ये टॉक्सिन विसरणं ही सर्रास होणारी चूक. 'ग' मध्ये घातलं होतं म्हणून पुरेल असं वाटतं, पण बफर बदलल्यावर बरीच पेप्टाइडं सुटून जातात. आणि 'ग' गाळून थेट ग्लुकोजबरोबर टॉक्सिन घातलं, तर स्रावाची पहिली लाट ५-१० मिनिटांत येऊन जाते आणि टॉक्सिन चॅनेलवर बसेपर्यंत ती हातची जाते.

नऊ वेलमध्ये टॉक्सिन, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर, दोन वेळा: ९ मिलिलिटर. म्हणजे एका प्लेटला स्टॉकचे दोन भाग. हे आदल्या दिवशी मोजा.

पर्टुसिसवाल्यांसाठी वेगळी खूण: ग्लुकोजबरोबर ॲड्रेनॅलिन १ मायक्रोमोलर द्या. साध्या पेशींत इन्सुलिन जवळजवळ तळाला जातं, टॉक्सिन लागू पडलेल्या पेशींत ही घट नाहीशी होते. घट तशीच राहिली तर टॉक्सिन लागलंच नाही. ॲड्रेनॅलिन ताजं करा. गुलाबी झालेलं द्रावण सडलं, टाका.

७. गोळा करणं आणि आवरणं

प्लेट बर्फावर. वरचा ०.४ मिलिलिटर हळूच उचला, तळाला टोक लावू नका, ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि वरचा भाग उणे २० ला ठेवा. तरंगत आलेली एखादी पेशी गोठून फुटली तरी तिच्यातलं इन्सुलिन रीडिंग बिघडवायला पुरतं. त्यातलाच थोडा भाग एलडीएचसाठी (फुटलेल्या पेशींतून गळणारं विकर) न गोठवता वेगळा काढा.

उरलेल्या पेशी बीएसए नसलेल्या बफरने धुऊन मगच फोडा. बीएसएचा अंश राहिला तर प्रथिन मोजणीत तुम्ही पेशी नाही, बीएसएच मोजाल. इन्सुलिनच्या साठ्यासाठी आम्लयुक्त अल्कोहोल (७५ टक्के इथेनॉल, १.५ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल), रात्रभर ४ अंशांत.

टॉक्सिन लागलेला कचरा वेगळ्या डब्यात, तुमच्या सेफ्टी शीटनुसार. ऑटोक्लेव्हवर भिस्त ठेवू नका. टेट्रोडोटॉक्सिन त्याने निष्क्रिय होत नाही. गंधक-बंधांनी घट्ट बांधलेली कोळ्याची पेप्टाइडंही उष्णतेला दाद देत नाहीत, त्यामुळे "उकळलेलं टॉक्सिन" हा निगेटिव्ह कंट्रोलही त्यांच्यासाठी फसवा आहे.

८. एलायझा

किट रॅट-माउस इन्सुलिनचं घ्या. मानवी किट रॅटचं इन्सुलिन नीट पकडेलच असं नाही. स्रावाचे नमुने थोडे पातळ करावे लागतील, साठ्याचे शेकडो पट. पहिल्यांदा एकाच नमुन्याचे तीन-चार पातळ करून बघा आणि रेषेच्या मधल्या भागात बसेल तो निवडा. स्टँडर्ड तुमच्याच बफरमध्ये करा. उत्तर "साठ्याच्या टक्के" असं मांडा, म्हणजे वेलमधल्या पेशींची कमीजास्त संख्या आड येत नाही.

९. आकडे वाचणं

आधी २.८ अधिक टॉक्सिनचा गट बघा, १६.७ चा नंतर. ग्वांग्शीटॉक्सिनसारखं केव्ही अडवणारं टॉक्सिन ग्लुकोज असेल तरच स्राव वाढवतं, कारण विद्युतदाब आधी चढलेला हवा. २.८ लाही इन्सुलिन उसळलं असेल तर एलडीएच बघा. तोही वाढला असेल तर पेशी गळत आहेत, स्राव नव्हे. गांधीलमाशीच्या विषातलं मॅस्टोपॅरन आणि मधमाशीचं मेलिटिन यांत हा धोका मोठा असतो, मात्रा थोडी चढली की ती पटल फाडतात.

मग शेवटचे दोन गट. डायझॉक्साइड के-एटीपी उघडं ठेवतं आणि जादा पोटॅशियम विद्युतदाब एका ठिकाणी धरून ठेवतं. केव्ही अडवणाऱ्या टॉक्सिनचा परिणाम इथे नाहीसा व्हायला हवा. तो तसाच टिकला तर टॉक्सिन विद्युतदाबापलीकडे कुठेतरी काम करतंय आणि तुमचा पहिल्या पायरीतला प्रश्न बदलायला हवा. निफेडिपिनच्या गटात स्राव कोसळला नसेल तर पूर्ण प्लेट बाद.

एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र मोजण्यांची संख्या) ३ नव्हे. ते एकाच मोजणीचे तीन तुकडे आहेत, त्यांची सरासरी काढून एकच आकडा घ्या. एन वाढवायचा तो वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्याने वाटून वाढवण्याच्या फेरीच्या) पेशींवर, वेगवेगळ्या दिवशी, टॉक्सिनचा ताजा भाग वितळवून. आयलेट असतील तर एन म्हणजे प्राणी. एक्सेलच्या शीटमध्ये पॅसेज क्रमांक, तारीख आणि टॉक्सिनच्या लॉटचा (उत्पादनाच्या खेपेचा) क्रमांक असे तीन रकाने पहिल्या प्लेटपासूनच ठेवा. दोन लॉटमध्ये फरक निघाला की मार्गदर्शक सगळ्यात आधी तेच विचारणार.